नायगावला स्टेशन नाही

आमच्या ट्रेकिंग ग्रुपची नियमावली एका कागदावर पाठपोट मावते. बुधवारच्या मीटिंगला नवीन मुलं आली की ती वाचून दाखवायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. आवाज मोठा म्हणून दिलं असावं. या कागदावरचं जवळजवळ एकही कलम कुणी आधी बसून, विचार करून लिहिलेलं नाही. प्रत्येकामागे कुणीतरी एक माणूस आहे. त्याने काहीतरी केलं, किंवा करायचं ते केलं नाही, आणि पुढच्या बुधवारी कागदावर एक ओळ वाढली. नावं आम्ही लिहीत नाही, पण जुन्यांना सगळी ठाऊक आहेत.

चौथं कलम घ्या. ‘भेटण्याचं ठिकाण दादर स्थानक, मध्य रेल्वे. नायगाव स्टेशन नव्हे.’ नवीन माणूस हे ऐकून हमखास हसतो. आम्ही दादर पूर्वेच्या नायगावचे. भोईवाडा, बीडीडी चाळी, पोलिसांचं मैदान, शारदा टॉकीजच्या इमारतीतलं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, हा आमचा टापू. या नायगावला स्टेशनच नाही. स्टेशन आहे ते पश्चिम रेल्वेवरच्या नायगावला, भाईंदरची खाडी ओलांडल्यावर. ‘नायगावचा ग्रुप’ एवढंच ऐकून एक मुलगा रात्री साडेअकराला तिथे पाठीवर सॅक घेऊन उतरला आणि मला फोन करून विचारायला लागला, “ताई, तुम्ही नक्की कुठल्या बाजूला उभे आहात?” आम्हाला शेवटची कसारा पकडायची होती. तो ट्रेक त्याला घरी झोपून काढावा लागला.

हे कलम पुन्हा एकदा दुरुस्त करावं लागलं, ते २०२३च्या डिसेंबरात. दादरच्या प्लॅटफॉर्मांना सलग नंबर दिले गेले आणि मध्य रेल्वेचा एक नंबर रातोरात आठ नंबर झाला. जुन्या सभासदांच्या जिभेवर मात्र एक नंबरच. ते नव्यांना फोनवर बिनधास्त सांगायचे, “एक नंबरच्या इंडिकेटरखाली ये.” नवी मुलं पाटी वाचून चालणारी. ती इमानेइतबारे पश्चिम रेल्वेच्या एक नंबरवर जाऊन उभी राहायची. पहिल्या वेळी चूक नवख्याची होती. दुसऱ्या वेळी ती निव्वळ आम्हा जुन्यांची होती, पण सुरुवातीला ओरडा कुणाला बसला असेल ते सांगायला नको.

ग्रुप मुळात चाळीतला. नायगावात बीडीडीच्या ४२ चाळी, खोली १६० चौरस फुटांची, त्यामुळे घरात माणसं झोपायला यायची आणि जगायची बाहेर, म्हणजे गॅलरीत, जिन्यात, मैदानात, मंडळाच्या खोलीत. गणपतीची वर्गणी फिरवणारी, कबड्डीचे सामने भरवणारी, हंडीला थर लावणारी जी पोरं होती, त्यातल्याच काहींनी ऐंशीच्या दशकात रविवारी किल्ले करायला सुरुवात केली. गिरण्यांचा संप होऊन गेलेला, खिशात पैसे नाहीत आणि वेळ मात्र भरपूर. गिरिविहारसारखी १९५४ पासूनची संस्था, तिची कडे चढणारी मंडळी, त्यांच्या हिमालयातल्या मोहिमा हे सगळं ही पोरं लांबून ऐकून होती. आमच्याकडे मंडळाची खोली होती. तिथे ढोल-ताशांच्या शेजारी खिळ्याला रोप अडकवलेले असायचे, आणि पावसाळ्यात परत आल्यावर तेच रोप गॅलरीभर वाळत पडायचे. शेजारच्या आजी त्यावर पापडाचं फडकं टाकायच्या. त्याविरुद्धही एक कलम होतं. पुनर्विकासात चाळी रिकाम्या होऊ लागल्या तसं ते आपोआप रद्द झालं. सामान आता एका सभासदाच्या माळ्यावर असतं.

मंडळातून आम्ही चांगल्या सवयी घेऊन आलो हे खरं. प्रत्येक रुपयाची पावती फाडायची. हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा. कुणाला लागलं-खुपलं तर केईएमला कोण जाणार हे विचारायची वेळच येऊ द्यायची नाही. पण त्याच बोचक्यातून एक वाईट सवयही आली. ‘आपलाच माणूस आहे, चालतंय.’ डोंगरात हे वाक्य फार महाग पडतं.

आमच्याकडे पगारी कुणीच नाही. लीडरही इतरांएवढीच वर्गणी भरतो, टमटमच्या भाड्यात त्याचाही वाटा असतो. गेल्या दहा-बारा वर्षांत ट्रेक नेणं हा धंदा झाला, आणि धंदा म्हणून तो कुणी नीट करत असेल तर माझी काही हरकत नाही. कळसूबाईच्या शिड्यांवर सुट्टीच्या दिवशी रांग लागते, ती काही एकट्या धंदेवाल्यांमुळे नाही. राज्य सरकारने २०१८ साली साहसी उपक्रमांच्या सुरक्षिततेसाठी शासननिर्णय काढला, २०२१मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानंतर प्रशिक्षित लीडर, प्रथमोपचार, नोंदणी हे शब्द निदान कानांवर पडू लागले. अडचण वेगळीच आहे. धंदेवाईक ट्रेकला जाऊन आलेली मुलं आमच्याकडे येतात ती गिऱ्हाईक होऊन येतात. राजमाचीला एकाने सकाळी तंबूतून तोंड बाहेर काढून विचारलं, “ब्रेकफास्ट किती वाजता आहे?” आमच्या लीडरने त्याच्या हातात पाच कांदे आणि सुरी दिली. म्हणाला, “तुझे कांदे चिरून झाले की.”

तो मुलगा नंतर आमचा उत्तम स्वयंपाकी झाला, पण मुद्दा तो नाही. ‘मी पैसे भरलेत’ असं म्हणायची सोय जिथे नाही, तिथे माणसाला धरून ठेवणारं दुसरं काहीतरी लागतं. पगारी लीडरचं ऐकलं नाही तर कंपनी पुढच्या वेळी नाव घेणार नाही. आमचं ऐकलं नाही तर आम्ही काय करणार? त्याच्या आईला सांगणार? तसं पूर्वी करायचेही म्हणे.

ब्रिटनमधल्या गिर्यारोहकांच्या परिषदेचं एक निवेदन आम्ही कागदाच्या सुरुवातीला आमच्या शब्दांत घेतलंय. त्याचा आशय असा की या खेळात इजा होण्याचा आणि जीव जाण्याचाही धोका आहे, भाग घेणाऱ्याने तो जाणून स्वीकारावा आणि आपल्या वागण्याची जबाबदारी आपल्यावर घ्यावी. त्या परिषदेच्या नावाचंही लघुरूप बीएमसी. एका मुलाने गंभीर चेहऱ्याने विचारलं होतं की पालिकेने डोंगरासाठी असं पत्रक कधी काढलं. मी स्वतः पालिकेत नोकरी करते. म्हटलं, “आधी रस्त्यातल्या खड्ड्यांसाठी काढू दे.”

एवढं वाचून झालं की मी नव्या मुलांचे चेहरे बघते. ती मान डोलावतात. शिट्टी जवळ ठेवा, कानात हेडफोन घालून चालू नका, शेवटच्या माणसाच्या मागे कुणी राहू नका, दारू नाही, अत्तर आणि डिओ नाही. शेवटचं का, असं कुणीतरी विचारतंच. मग आग्या मोहोळाचं सांगावं लागतं. उग्र वास, धूर आणि आरडाओरडा, यांतल्या एकानेही कड्याखालचं मोहोळ उठू शकतं आणि मग पळायला जागा नसते. नवी मुलं ऐकतात. खरंच ऐकतात. नवखा माणूस डोंगराला घाबरलेला असतो, आणि घाबरलेल्या माणसाला नियमाचा आधार वाटतो. नियमाचा कंटाळा येतो तो ज्याने ती वाट शंभरदा केली आहे त्याला. नवख्यांना वाचून दाखवतो तो कागद खरं तर जुन्यांसाठी लिहिलेला आहे, हे मला पक्कं कळलं ते खांडसला.

भीमाशंकरला कोकणातून चढायच्या दोन वाटा खांडस गावातून फुटतात. गणेश घाट लांबचा, वळणावळणाचा आणि सोपा. शिडी घाट जवळचा, सरळ अंगावर येणारा, मध्ये कातळ आणि त्यावर लोखंडी शिड्या. पुढे दोन्ही वाटा एकत्र येतात. जुलै महिना होता. कर्जतला उतरून कशेळेमार्गे आम्ही खांडसला पोचलो तेव्हा पाऊस नुसता ओतत होता. ट्रेकची लीडर चोवीस वर्षांची मुलगी, उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमधून २८ दिवसांचा बेसिक कोर्स करून आलेली. ग्रुपमध्ये निम्मी माणसं नवखी. आणि आमचे काका. ग्रुप ज्यांनी सुरू केला त्यांतले एक, साठी ओलांडलेली, पायात अजून वारं. मला डोंगरात पहिल्यांदा त्यांनीच नेलं.

गावातल्या माणसाने सांगितलं की शिडीवरून पाणी येतंय. लीडर म्हणाली, सगळे गणेश घाटाने जायचं. झालं. काकांनी ऐकून घेतलं आणि अगदी सहज, वाद घालतोय असं वाटूही न देता म्हणाले, “बरोबर आहे तुझं. तू सगळ्यांना घेऊन गणेश घाटाने ये. मी शिडीने जातो. वर टपरीवर चहा सांगून ठेवतो.”

त्यांनी सॅक उचलली तशी मागे दोन मुलं उभी राहिली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. काका निघाले म्हणून ती निघाली, एवढंच.

माझ्या तोंडावर आलं होतं, काका, राहू द्या. पण मी लीडर नव्हते आणि त्या क्षणी मध्ये पडले असते तर त्या मुलीचं काही उरलं नसतं. तिच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेली नावांची यादी होती. ती म्हणाली, “काका, तुम्ही शिडीने गेलात तर तुम्ही या ट्रेकवर नाही. तसं इथे सगळ्यांसमोर सांगा. मी यादीतून तुमचं नाव कापते. वर आल्यावर मोजणी करताना तुम्हाला शोधणार नाही आणि खाली तुमच्या घरी फोनही करणार नाही.” मग मागच्या दोघांकडे वळून, “तुमचंही कापू?”

दोघं गपकन बसले. काका थोडा वेळ पावसात तसेच उभे राहिले. मग खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागले. नाडी सुटलेली नव्हती. सगळ्यांबरोबर गणेश घाटानेच आले, पण देवळापर्यंत कुणाशी अक्षर बोलले नाहीत. चहाही वेगळ्या बाकड्यावर बसून घेतला.

पुढच्या बुधवारी ते मीटिंगला येतील की नाही अशी मला धास्ती होती. आले, आणि तावातावाने आले. “मी तो घाट उतरलोय तेव्हा हिचा जन्म झाला नव्हता. माझं नाव कापते? माझं?” कुणीच काही बोलेना. काहींना त्यांचं पटत होतं, हे मला चेहऱ्यांवरून दिसत होतं. मी विचारलं, “काका, तुम्ही शिडीवर घसरला असता तर तुम्हाला घ्यायला खाली कोण उतरलं असतं?” ते म्हणाले, “कुणी उतरू नये असं मी सांगूनच गेलो असतो.” त्यावर ती मुलगी पहिल्यांदा बोलली. “पण उतरलो असतो ना आम्ही. ती दोन मुलंच आधी उतरली असती.”

त्या रात्री दोन कलमं लिहिली गेली. लीडर कुणीही असो, वय काही असो, ट्रेकवर त्याचा शब्द शेवटचा, हे पहिलं. दुसरं काकांनीच घालायला लावलं आणि ते अगदी योग्य होतं. त्यांचं म्हणणं असं की लीडरचा शब्द शेवटचा, पण फक्त थांबण्याच्या किंवा मागे फिरण्याच्या बाबतीत. धोका पत्करून पुढे जायचं लीडरने ठरवलं आणि अनुभवी दोघांनी ‘नाही’ म्हटलं, तर पुढे जायचं नाही. “उद्या तुमचा लीडर वेडा निघाला तर?” असं त्यांनी विचारलं. असे लीडर प्रत्येक ग्रुपमध्ये निघू शकतात, हे त्यांना माहीत होतं. त्यांचा राग गेला नव्हता, तरी कलम मात्र त्यांनी नीट विचार करून दिलं. मला तो त्यांचा मोठेपणा वाटतो.

आपल्याकडे डोंगरात कुणी अडकलं तर उतरतात तीही बहुतेक फुकट काम करणारी माणसंच, हे शहरात फारसं कुणाला माहीत नसतं. लोणावळ्याचे शिवदुर्ग मित्र, खोपोलीचे यशवंती हायकर्स. नोकऱ्या-धंदे सांभाळून, फोन आला की रोप घेऊन निघणारी ही पोरं. २०२३च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा रस्ता नसलेल्या त्या वाडीत रात्रीच्या अंधारात, पावसात चढून गेलेल्यांत डोंगरातल्या संस्थांची माणसं होती. अशा वेळी जायचं ते काम. एखाद्याला कड्याच्या टोकावर उभं राहून रील करायची होती म्हणून त्याच पोरांनी आपला रविवार दरीत घालवायचा, हे मला पटत नाही. हे मी मीटिंगला जरा चढ्या आवाजातच सांगते.

आता जे लिहायचं ते अवघड आहे. पूर्वी ग्रुपमध्ये मुली मोजक्याच, आणि त्याही कुणाची तरी बहीण म्हणून येणाऱ्या. आता निम्म्याला निम्म्या असतात आणि कुणाच्या बहिणी म्हणून येत नाहीत. हरिश्चंद्रगडाच्या लेण्यात रात्री ओळीने झोपायचं असतं. वाटेत कुठे थांबायचं, बायकांनी कुठल्या बाजूला जायचं आणि पुरुषांनी कुठल्या, हे लीडरने मोठ्याने सांगायचं असतं. लाजून पुटपुटायचं नसतं. पाळीच्या दिवसांचं सामान प्रथमोपचाराच्या पेटीतच असतं आणि ते मागायला मुलीला मुलीकडेच जावं लागत नाही. हे सगळं बोलता बोलता सवयीचं झालं.

सवयीचं झालं नाही ते हात देणं. कातळावर वरचा माणूस खालच्याला हात देतो. पण कुठे हात द्यायचा, कसा द्यायचा, केव्हा सोडायचा, यात जे काही घडू शकतं ते बाईला पहिल्या सेकंदात कळतं आणि बाकीच्यांना वर्षानुवर्षं दिसत नाही. एका मुलीने येऊन मला सांगितलं. ज्याच्याबद्दल सांगितलं तो ग्रुपचा लाडका माणूस. सगळ्यात आधी उठून चूल पेटवणारा, थकलेल्यांची सॅक न सांगता उचलणारा, कातळावर हात कुणाला हवाय ते विचारायच्या आधी पुढे करणारा. मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सांगितलं, “अगं, तो तसा नाही. आपलाच आहे.”

पण आणखी दोघींना विचारलं तेव्हा त्या गप्प बसल्या. ते गप्प बसणं पुरेसं होतं.

तेव्हा आमच्याकडे कागदावर काहीच नव्हतं. आम्ही ठरवलं ते असं की तक्रार ऐकायला दोघं, त्यांतली एक बाई, आणि दोघंही त्या माणसाच्या जवळचे नकोत. निर्णय होईपर्यंत तो ट्रेकला येणार नाही. निर्णय लिहून द्यायचा. तक्रार करणारीचं नाव मीटिंगमध्ये निघणार नाही. आणि चढताना ‘हात देऊ का’ हे विचारल्याशिवाय हात द्यायचा नाही, द्यायचा तर मनगटाला मनगट. पकड म्हणूनही तीच भक्कम असते, बोटं निसटतात. त्या माणसाला यापुढे येऊ नको असं लिहून कळवलं. त्याच्यासोबत चार-पाच जण गेले, त्यांत आमचा सगळ्यात चांगला क्लाइंबरही. त्या पावसाळ्यात लीडर नाही म्हणून ठरलेले ट्रेक रद्द करावे लागले. काहींनी ‘एवढ्याशा गोष्टीसाठी ग्रुप फोडला’ असं म्हणून घेतलं, अजून म्हणतात. म्हणोत.

गावाचं प्रकरण मला वाटतं जरा जास्तच गोड करून सांगितलं जातं. पाचनईत किंवा खिरेश्वरला ज्या घरी आपण पिठलं-भाकरी खातो तिथे घासाघीस करायची नाही, इतकं साधं आहे ते. घर काही अन्नछत्र नाही आणि आपणही उपकार करायला आलेलो नाही. ताट सांगितलं की ताटाचे पैसे, येतो म्हणून सांगून आलो नाही तरी पैसे, कारण भाकरी थापून झालेली असते. पोरांना चॉकलेटं वाटायची नाहीत. ती पुढच्या ग्रुपमागे धावत येतात आणि मग तेच ग्रुप त्यांचे फोटो काढतात. फार वाईट वाटतं ते.

गडावरच्या टाक्याबद्दल मात्र मी कडक आहे. टाक्यात हात बुडवायचा नाही, बाटली बुडवायची नाही, तोंड धुवायचं नाही. भांड्याने पाणी वर काढायचं, टाक्यापासून दहा पावलं लांब जायचं आणि तिथे काय ते करायचं. साबण गडावर आणायचाच नाही. एका ट्रेकला आमच्यातल्याच एका बुजुर्गांनी टाक्याच्या काठावर बसून पाय सोडले. दिवसभर चाललेले, दमलेले, सुजलेले पाय. त्याच टाक्यातून रात्रीच्या खिचडीचं पाणी आणायचं होतं. ज्याची पाणी आणायची पाळी होती तो नवखा मुलगा रिकामा टोप घेऊन तसाच उभा राहिला. त्याला बोलवेना, कारण ते बुजुर्ग. शेवटी त्याने काय केलं, तर टोप खाली ठेवला आणि म्हणाला, “काका, तुमचं झालं की सांगा, मी तोवर कागद वाचतो.” खिशातून खरंच तो कागद काढला. मीच त्याला आठवड्यापूर्वी दिलेला. बुजुर्गांनी पाय काढले. शिवीही दिली, पण हसत.

गेल्या वर्षीपासून गर्दीचा सूर आणखी बदलला. २०२५च्या जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यांतले ११ महाराष्ट्रातले. राजगड, लोहगड ही आमची नेहमीची ठिकाणं. अभिमान वाटतोच. त्याचबरोबर हेही दिसतं की तटबंदीवर बसून वेफर्स खाणाऱ्यांना आता आपण वारसा पाहायला आलोय असं वाटतं, आणि पाकीट मात्र तटाच्या भेगेतच जातं. आमच्या लोकांनी स्वतःचा कचरा परत आणायचा, हा नियम. दुसऱ्यांचा आणायचा की नाही, यावर एकमत नाही. मी आणते. कलम करायला मात्र माझा विरोध आहे, कारण सक्तीने उचललेली पाकिटं पुढच्या वळणावर टाकली जातात, हे मी पाहिलंय.

सध्या वाद चाललाय तो रोपवरून. आमच्यातली काही मुलं आता शनिवार-रविवारी पैसे घेऊन दुसऱ्यांचे ट्रेक लीड करतात. घर चालवायला हातभार लागतो, त्यात वाईट काहीच नाही. पण त्यांतल्या एकाने ग्रुपचा रोप तिकडे नेला, रॅपलिंगला वापरला आणि वहीत लिहिलं नाही. आमच्याकडे प्रत्येक रोपची वही असते. कधी घेतला, कुठे वापरला, कुणी पडलं का, किती भिजला, कुठे घासला. नायलॉनचा रोप न वापरताही दहा वर्षांपलीकडे ठेवू नये असं बनवणारे सांगतात, आणि झटका बसला असेल तर त्याच्या कितीतरी आधी तो बाद होतो. बाहेरून बघून ते कळत नाही. म्हणून वही. त्या मुलाने खरं-खोटं काय ते सांगितलं, पण वहीत नोंद नाही म्हटल्यावर आम्ही तो रोप बाद केला. चांगला, जवळजवळ नवा. त्याचे पैसे त्याने द्यायचे की ग्रुपने, यावर दोन बुधवार गेले. अर्धे-अर्धे ठरले.

रोप बाद करायचा तर कापायचा, हा नियम सगळ्यात जुना. अख्खा ठेवला की कुणीतरी, कधीतरी, ‘अजून चांगला आहे की’ म्हणून उचलतोच. मागे काकांनी स्वतःच्या पगारातून घेतलेला, मंडळाच्या खोलीतल्या पहिल्या रोपांपैकी एक असाच माळ्यावर निघाला. तो कापायचा म्हणताना काकांनी माझ्या हातातून सुरी मागून घेतली, कारण म्हणे मी वाकडा कापते. वाराभराचे तुकडे करून घेतले. गणपती मंडळाची पोरं ते मागायला आली, ट्रकवर मखर बांधायला. देण्याआधी काकांनी त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं की यावर माणूस लोंबकळणार नाही. पोरं म्हणाली, “काका, वाराभर दोरीला कोण लोंबकळणार?” काका म्हणाले, “तुम्ही सह्या करा.”